बनावट चेक समोर आला तर? नव्या बँक कर्मचाऱ्यांना नेमकं काय शिकवावं

टोकन नंबर सात

नमस्कार मंडळी. विभागीय कार्यालयाने माझ्या गळ्यात एक काम मारलंय. नव्याने लागलेल्या क्लार्क आणि पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) मंडळींसाठी दीड तासाचं सत्र घ्यायचं: बनावट चेक, ड्राफ्ट वगैरे ओळखायचे कसे आणि हाती लागले तर करायचं काय.

वरून स्लाइड्स तयार होऊन आल्या आहेत. सीटीएस-२०१० म्हणजे चेकच्या छपाईचा ठरलेला नमुना, त्याची सुरक्षा वैशिष्ट्यं, यूव्ही (अतिनील) दिव्याखाली दिसणारा बँकेचा लोगो, वॉटरमार्क आणि शेवटी 'सतर्क राहा'. हे वाचून दाखवलं की हजेरीपटावर सह्या घेऊन घरी जाता येईल. पण असली सत्रं मीही समोर बसून ऐकली आहेत. तिथे सगळे माना डोलावतात आणि काउंटरवर रांग लागली की त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

तर प्रश्न असा: तुमच्या अनुभवात बनावट कागद नेमका कशामुळे पकडला गेला? किंवा कशामुळे सुटला? बँकेचं, शाखेचं, ग्राहकाचं नाव लिहू नका. बँकेत नसलेल्यांनीही लिहा. काउंटरच्या पलीकडून काय दिसतं तेही हवंय.

निवृत्त हेडकॅशियर

दिवा लावायच्या आधी हात लावायला शिकवा.

खऱ्या पानाची एक बाजू चेकबुकातून फाडलेली असते, तिला बारीक दातेरी कड असते. चारही कडा गुळगुळीत असतील तर हे पान चेकबुकात कधी होतं का, असा प्रश्न पडला पाहिजे. मग खालचा पांढरा पट्टा बघायचा. त्यावर मायकर, म्हणजे मशीनने वाचायचे आकडे असतात. त्यांची शाई चुंबकीय, दिसायला मंद काळी. साध्या लेझर प्रिंटरचा टोनर चमकतो, चेक तिरका धरला की कळतं. पट्ट्यातला नऊ आकडी कोड वरच्या छापील शाखेशी जुळतो का तेही बघा: पहिले तीन आकडे शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. उजेडासमोर धरला की 'सीटीएस-इंडिया' वॉटरमार्क. डाव्या कडेला उभ्या बारीक अक्षरांत छापणाऱ्याचं नाव आणि सीटीएस-२०१०. रंगीत झेरॉक्स असेल तर पार्श्वभूमीत लपवलेलं 'व्हॉइड' उघड दिसतं. लिहायला वेळ लागतो, करायला लागत नाही.

आणि एक. मशीनने मायकर वाचला नाही की आपण काय करतो? आकडे हाताने भरतो आणि पुढे ढकलतो. मशीनने नाकारलेला प्रत्येक चेक काही बनावट नसतो. घडी पडते, शिक्का पट्ट्यावर उमटतो. पण यंत्राने कुरकुर केली तर निदान एकदा पान उलटसुलट करून बघावं की नाही? माझ्या पाहण्यात मोठ्या रकमेचा एक क्लोन चेक (खऱ्या चेकची हुबेहूब नक्कल) याच वाटेने आत शिरला होता. मशीन दोनदा 'नाही' म्हणालं होतं. माणसाने 'हो' केलं.

भोचक भवानी

आमच्याकडे यूव्ही दिवा आहे. ऑडिट आलं की तो पुसून टेबलावर ठेवतात. ऑडिट गेलं की परत कपाटात, खोक्यासकट. बाकी शिस्त कडक आहे.

क्लिअरिंगचा कारकून

काकांशी सहमत, पण टोकन नंबर, एक मुद्दा स्लाइड्समध्ये बहुतेक नसेलच, तो आधी मांडा. हे हात लावणं, वॉटरमार्क, यूव्ही, सगळं कोणाच्या हातात असतं? ज्या बँकेत चेक भरला तिच्या. ज्या बँकेतून पैसे जायचे तिला कागद दिसतच नाही. चेक ट्रंकेशन दिल्लीत २००८ साली सुरू झालं तेव्हापासून कागद भरणा घेणाऱ्या बँकेतच थांबतो, पुढे जातात ती चित्रं: दर्शनी बाजूची एक करड्या रंगातली आणि एक काळी-पांढरी, शिवाय मागच्या बाजूची एक काळी-पांढरी. करडं चित्र १०० डीपीआयचं, म्हणजे ढोबळच. त्यात तुम्ही दातेरी कड शोधा नाहीतर टोनरची चमक शोधा, काही मिळणार नाही.

म्हणजे कामाची वाटणी सरळ आहे. कागद खरा की खोटा हे भरणा घेणाऱ्याने बघायचं. सही, चेकचा नंबर त्या ग्राहकाला दिलेल्या मालिकेतला आहे का, तो आधीच वटलाय का, स्टॉप पेमेंट (पैसे देऊ नका अशी खातेदाराची सूचना) आहे का, हे पैसे देणाऱ्याने बघायचं. पण होतं असं की भरणा घेणारा म्हणतो, 'समोरची बँक बघेल की सही.' समोरचा म्हणतो, 'त्यांनी कागद बघूनच पाठवला असणार.' आणि चेक दोघांच्या विश्वासावर पास होतो.

शिवाय आता वेळही नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून क्लिअरिंग, म्हणजे बँकांमधली चेकची देवाणघेवाण, दिवसभर सलग चालतं. सकाळपासून दुपारपर्यंत चेक येत राहतात आणि सात वाजेपर्यंत हो-नाही कळवलं नाही तर चेक मंजूर धरला जातो. पूर्वी 'उद्या बघू' म्हणून बाजूला काढलेला संशयित चेक रात्रभर पडून राहू शकत होता. आता बाजूला ठेवणं म्हणजे पास करणंच.

रेघोट्या

मी बँकेत नाही, भोगणारा आहे. माझी स्वतःची सही माझ्याच सहीशी जुळत नाही म्हणून माझे चेक परत येतात. वरून रिटर्न चार्जेस. आणि इथे वाचतोय की भामट्यांचे चेक सुरळीत पास होतात. त्यांची सही माझ्यापेक्षा चांगली येते का?

क्लिअरिंगचा कारकून

@रेघोट्या, हसू नका, पण बहुतेक वेळा हो. खरा माणूस घाईत सही करतो, दर वेळी थोडी वेगळी येते. गिरवलेली सही नमुन्याशी तंतोतंत जुळते, पण रेघ एकसारख्या जाडीची, थरथरती, मध्येच पेन उचललेलं. नवी मुलं आकार जुळवतात. बघायचा असतो वेग. नमुन्यावर छापासारखी बसणारी सही दिसली की मी जास्त घाबरतो.

तुम्ही मात्र शाखेत जाऊन नमुना सही बदलून या. पंधरा वर्षांपूर्वीची असेल ती.

रेघोट्या

बावीस. तेव्हा मी आडनाव पूर्ण लिहायचो.

अ‍ॅड. तळटीप

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण नव्या मुलांना ती धाक म्हणून सांगतात आणि अर्धवट सांगतात.

खातेदाराची सहीच खोटी असेल तर बँकेला पैसे द्यायचा आदेशच मिळालेला नसतो. नुकसान बँकेचं. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या १९८७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं. तिथे कंपनीच्याच हिशेबनिसाने ४२ चेकवर खोट्या सह्या केल्या होत्या, एकूण रक्कम तीन लाखांच्या वर. बँकेचं म्हणणं, ग्राहकाने पासबुक वेळेवर तपासलं नाही. न्यायालयाने ते ऐकलं नाही.

सही खरी पण रक्कम किंवा नाव बदललेलं असेल तर गोष्ट वेगळी. बदल वरकरणी दिसत नसेल आणि पैसे रीतसर, सद्हेतूने दिले असतील तर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम ८९ बँकेला संरक्षण देतं. भरणा घेणाऱ्या बँकेला कलम १३१ आहे, पण 'निष्काळजीपणा न करता' ही अट घालून. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात ट्रंकेट होणारा चेक प्रथमदर्शनी खरा आहे का, त्यावर सहज दिसेल अशी खाडाखोड किंवा बनावट आहे का, हे बघणं चेक घेणाऱ्या बँकेचं कर्तव्य असल्याचं स्पष्ट लिहिलंय. कारकूनसाहेबांनी सांगितलेली 'समोरचा बघेल' ही सबब कोर्टात टिकायची नाही.

उधारीवाला

माझा कारखाना आहे, छोटासा. जरा दुसरी बाजू सांगतो. पुरवठादाराला दिलेला माझा खराखुरा चेक बँकेने दोन दिवस अडकवला. कारण काय, तर रक्कम मोठी आणि पुरवठादार नवा. माणसाने मला फोन करून विचारलं, 'साहेब, चेक खरा ना?' अहो, माझी पत गेली ना बाजारात! सतर्कता ठीक आहे, पण प्रत्येक ग्राहक चोर समजून वागायला शिकवू नका.

सात सत्तावन्नचा अलर्ट

@उधारीवाला, फसवणूक देखरेख विभागात काम करतो, म्हणून तुमच्यावरच उलटवतो, रागावू नका. तुम्ही पॉझिटिव्ह पे वापरता का? १ जानेवारी २०२१ पासून आहे. ५० हजार आणि त्यावरच्या चेकचा नंबर, तारीख, नाव आणि रक्कम आधी अ‍ॅपवर किंवा नेटबँकिंगवर कळवायची. चेक क्लिअरिंगला आला की सिस्टम ताडून बघते. जुळलं तर तुम्हाला फोन करायची फारशी गरजच उरत नाही. ५० हजारांपासून ते ग्राहकाच्या मर्जीवर आहे, पाच लाखांपासून बँका सक्तीचं करू शकतात.

पुरवठादाराऐवजी बँकेला सांगा, पत शाबूत राहील :)

फोनबद्दल मात्र सत्रात आवर्जून सांगण्यासारखं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकात दोन लाखांच्या वरच्या चेकला यूव्ही, पाच लाखांच्या वर एकापेक्षा जास्त पातळ्यांवर तपासणी, चेक आल्याबरोबर खातेदाराला एसएमएस, नव्या खात्यांवर बारीक लक्ष, असं सगळं सुचवलेलं आहे. मोठ्या चेकला खातेदाराला फोन करणंही त्यात आहे. शाखा फोन करते. पलीकडून आवाज येतो, 'हो हो, मीच दिलाय, पास करा.' आणि तो नंबर गेल्याच आठवड्यात बदललेला असतो! भामटे आधी मोबाइल नंबर बदलून घेतात, मग चेक टाकतात. त्यामुळे फोन लावण्याआधी नंबर कधी बदललाय ते बघा. अलीकडचा असेल तर जुन्या नंबरावर किंवा फर्मच्या दुसऱ्या संचालकाला लावा. आणि चेक भरणाऱ्याने 'हा घ्या साहेबांचा नंबर' म्हणून दिलेल्या नंबरावर तर कधीच नाही.

उधारीवाला

पॉझिटिव्ह पे सुरू केलंय. अ‍ॅप अजून राग आणतं, पण ठीक.

भोचक भवानी

पेनाची गोष्ट कोणीच कशी सांगितली नाही? ओळखीतल्या एका आजोबांकडे कर्जाचं काम करून देतो म्हणून एजंट आला. 'एक कॅन्सल चेक द्या' म्हणाला. आजोबांनी सही स्वतःच्या पेनाने केली. बाकीचं याने 'मी भरतो ना आजोबा' म्हणत आपल्या पेनाने भरलं, कॅन्सल्ड हा शब्दही. ती शाई उष्णतेने उडणारी. घरी जाऊन पुसली, सही तेवढी राहिली. पुढचं तुम्हाला कळलंच.

तिरपागडा

म्हणून बँकेतलं पेन दोरीने बांधलेलं असतं. चोरी होऊ नये म्हणून नव्हे, सुरक्षित शाई म्हणून!

निवृत्त हेडकॅशियर

तिरपागडे, त्या पेनातून शाई आली तर ना.

भवानीताईंची गोष्ट पकडता येते, तीही दिव्याशिवाय. सहीची शाई एक आणि बाकी मजकुराची दुसरी, हा काही गुन्हा नाही, अनेकांचे चेक मुलं भरून देतात. पण घासलेल्या जागी कागदाचा पोत बदलतो, पार्श्वभूमीची बारीक नक्षी फिकट पडते. रसायनाने धुतलेला असेल तर यूव्हीखाली डाग दिसतो. नावाची आणि रकमेची ओळ, या दोन जागी नजर टाकायची.

गोगलगाय

मी नवीनच लागलेय. म्हणजे या सत्रात जी मुलं बसतील त्यांच्यातलीच समजा. स्पष्ट लिहू का?

वर लिहिलेलं बरंचसं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. मला वॉटरमार्क ओळखता येतो. मला जे येत नाही ते हे: समोर माणूस उभा आहे, मागे रांग आहे, तो म्हणतोय 'मॅडम, लवकर करा, पुढे आरटीजीएस करायचंय.' मला चेक बरोबर वाटत नाही, पण का ते सांगता येत नाही. मी थांबवला आणि खरा निघाला तर तक्रार माझ्या नावाने जाणार. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणणार, 'ग्राहकाला ताटकळत ठेवलंस.' मी पास केला आणि खोटा निघाला तर ते सहा महिन्यांनी कळणार, आणि तेव्हा चार सह्यांमध्ये माझी एक असेल. सांगा, मी काय निवडेन?

क्लिअरिंगचा कारकून

टोकन नंबर, तुमचं सत्र इथेच आहे. स्लाइड्स ठेवा बाजूला.

खुर्ची क्रमांक एक

शाखा सांभाळली आहे, म्हणून गोगलगायला उत्तर देणं माझ्याकडे लागतं. तुझं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि त्याला जबाबदार आम्ही खुर्चीवाले आहोत.

आमच्या शाखेत मी एवढंच ठरवलं होतं: संशय आला की कारण सांगायची सक्ती नाही. 'सर, जरा सही बघता का' हे ठरलेलं वाक्य. ते कानावर आलं की मी उठून काउंटरवर जायचो आणि पुढचं बोलणं मी करायचो. 'मोठ्या रकमेला दोन जणांनी बघायचा नियम आहे, पाच मिनिटं बसा.' ग्राहकाचा राग माझ्यावर. चेक खरा निघाला तरी थांबवणाऱ्याला त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. हे न बोलणं सगळ्यात अवघड, कारण खरे निघणारेच जास्त असतात आणि त्यातले काही आपले जुने खातेदार असतात.

खरा ग्राहक चिडतो, पण बसतो. ज्याला बसायचं नसतं तो एकतर फोन लावत बाहेर जातो, नाहीतर 'राहू द्या, चेक परत द्या' म्हणतो. आमच्याकडे एकदा असंच झालं आणि माणूस चेक तसाच टाकून गेला.

तिरपागडा

दरवाजा बंद करून पकडायचं ना! सिक्युरिटीवाल्याकडे बंदूक काय शोभेला आहे?

अ‍ॅड. तळटीप

कृपया हे सत्रात कोणी विचारलं तर ठामपणे 'नाही' म्हणा. समोरचा माणूस स्वतः फसलेला असू शकतो. जुनी गाडी विकून चेक घेतलेला, नोकरीच्या नावाखाली 'हा चेक तुमच्या खात्यात भरा' सांगितलेला. त्याला चारचौघांत चोर म्हटलं आणि तो निर्दोष निघाला तर निस्तरणं जड जाईल. अंगावर धावून जाणं तर त्याहून वाईट. कर्मचाऱ्याचा जीव चेकपेक्षा महाग आहे.

सात सत्तावन्नचा अलर्ट

+१. आणि कागदाचं काय करायचं ते नीट शिकवा, कारण पुरावा तिथेच मरतो. संशयित चेकवर शिक्का मारू नका, पेनाने गोल करू नका, स्टेपल करू नका, हातोहात फिरवू नका. कडेला धरून पाकिटात ठेवा, पाकिटावर वेळ आणि कोणी घेतला ते लिहा. भरणा स्लिप सोबत ठेवा, तिच्यावर भामट्याचं स्वतःचं अक्षर असतं. सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी वेगळं काढायला सांगा, पोलीस मागायला येईपर्यंत त्यावर दुसरं रेकॉर्डिंग झालेलं असतं.

गोगलगाय

पण माणूस चेक परत मागत असेल तर? नोटांचं स्पष्ट आहे. खोटी नोट परत द्यायचीच नाही, शिक्का मारून जप्त, पावती द्यायची, एका व्यवहारात चारपर्यंत असतील तर महिन्याच्या एकत्रित अहवालात, पाच किंवा जास्त असतील तर लगेच एफआयआर. चेकचं असं कुठे लिहिलंय?

खुर्ची क्रमांक एक

नोटेइतकं साचेबंद नाही, बरोबर. म्हणून तो निर्णय काउंटरचा नाही, शाखाप्रमुखाचा. तू एवढंच म्हणायचं, 'चेक तपासणीसाठी साहेबांकडे गेलाय.' पुढे मी खातेदाराला नोंदीतल्या नंबरावर विचारणार. त्याने 'मी दिलाच नाही' म्हटलं की पोलीस आणि वरचं कार्यालय, आणि तोपर्यंत कागद माझ्या कपाटात. त्याची पोच हवी असेल तर पोच देणार. उलट, खातं बंद आहे किंवा शिल्लक नाही असल्या मेमोवर खोटा चेक परत करून मोकळं होणं मी करू देत नसे. तो तोच कागद घेऊन पुढच्या शाखेत उभा राहतो.

लेजरमधला उंदीर

अवांतर: सगळे चेकवरच अडलेत. ड्राफ्टलाही एक परिच्छेद द्या. 'ड्राफ्ट आहे म्हणजे पैसे आलेच' या समजावर खूप फसवणूक चालते. १५ सप्टेंबर २०१८ पासून ड्राफ्टवर तो काढणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. ते नसेल तर तिथेच थांबा. २० हजार आणि वरचा असेल तर अकाउंट पेयी क्रॉसिंग असलंच पाहिजे.

आणि बँक गॅरंटी (ग्राहकाने पैसे दिले नाहीत तर बँक देईल अशी लेखी हमी)! कागद कितीही देखणा असो, शाखेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पुष्टीपत्रही सोबत असो, एसएफएमएसवर (बँकांच्या आपसातल्या सुरक्षित संदेश यंत्रणेवर) संदेश आला का तेवढं बघा. ज्याने गॅरंटी बनावट केली त्याला पुष्टीपत्र बनवणं जड जात नाही.

नवं खातं

एक मुद्दा राहतोय. बनावट चेक वटवायला खातं लागतं, आणि ते आपणच उघडून दिलेलं असतं. कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव, खातं महिन्याभरापूर्वीचं, आजवर फुटकळ व्यवहार आणि आज एकदम मोठा चेक. जमा होताच सगळी रक्कम पाच ठिकाणी. चेक बघताना खात्याचा इतिहास उघडायला शिकवा, तो स्क्रीनवर एका क्लिकवर असतो. माझ्या मते हे यूव्हीपेक्षा जास्त कामाचं आहे.

निवृत्त हेडकॅशियर

'यूव्हीपेक्षा' म्हणू नका हो. बेअरर चेकवर रोख न्यायला आलेल्याचं आपल्याकडे खातंच नसतं. तिथे कागद, सही आणि माणूस, एवढंच हातात.

टोकन नंबर सात

सगळ्यांचे आभार. सत्राचा आराखडा बदललाय.

स्लाइड्सचा पंधरा मिनिटांत निकाल लावणार. मग टेबलावर चेकचा गठ्ठा: बहुतेक खरे, रद्द केलेले, काही रंगीत झेरॉक्स, एक-दोन खाडाखोड केलेले. घड्याळ लावून तपासायला द्यायचे, आणि मध्येच एकाने 'मॅडम, लवकर करा' म्हणून डोकं खायचं. उरलेला वेळ 'सर, जरा सही बघता का' याच्या तालमीला. त्यासाठी शाखाप्रमुखांनाही बोलावायची परवानगी मागितली आहे. ते नसतील तर गोगलगायने लिहिलेल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

निवृत्त हेडकॅशियर

उत्तम. फक्त ते नमुने मोजून वाटा आणि मोजून परत घ्या, सगळ्यांसमोर फाडा. खाते क्रमांक आणि सह्या आधी झाकून टाका. बनावट चेक शिकवायच्या सत्रातूनच नमुना बाहेर गेला तर शोभा होईल.

क्लिअरिंगचा कारकून

आणि ड्रॉप बॉक्स? त्यातले चेक आमच्याकडे कंत्राटी मुलं काढून थेट स्कॅनिंगला देतात. कागदाला पहिला आणि शेवटचा हात त्यांचाच. माणूस समोर नाही, रांग नाही, कोणी चिडत नाही. भामट्याला याहून काय हवं? ती मुलं तुमच्या यादीत आहेत का?

टोकन नंबर सात

यादीत फक्त क्लार्क आणि पीओ आहेत. आजच मेल टाकतो. कंत्राटदार त्यांना दीड तास सोडेल का, हा वेगळा धागा होईल.